कर्नल ६.६ वर गेल्यानंतर ‘अ‍ॅरे-इंडेक्स-आऊट-ऑफ-बाउंड्स’चे इशारे: बंद करावेत की दुरुस्त करावेत?

कर्नलवाचक (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. कारखान्यांतील मोटारींची कंपने मोजणाऱ्या एका उपकरणावर आम्ही लिनक्स चालवतो. आतापर्यंत त्यावर ५.१५ हे कर्नल (लिनक्सचा गाभा) होते. आता ते ६.६ वर नेले आहे आणि कंपायलरही (सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) जीसीसी १३ घेतला आहे. सेन्सर-कार्डाचा ड्रायव्हर मात्र पुरवठादाराने दिलेला, मुख्य कर्नलमध्ये कधीही न गेलेला, आहे तसाच आहे. यूबीसॅनची (कर्नल चालू असताना कोडमधील चुका पकडणाऱ्या साधनाची) मर्यादा-तपासणी आमच्या जुन्या कॉन्फिगमध्येही चालू होती, पण तेव्हा लॉग स्वच्छ असे. आता उपकरण सुरू होताच दोन इशारे येतात. फाइलचे नाव व कॉल ट्रेस वगळून त्यांचा गाभा असा:

‘इंडेक्स १ इज आऊट ऑफ रेंज फॉर टाइप यू८ [१]’

‘इंडेक्स २५५ इज आऊट ऑफ रेंज फॉर टाइप यू१६ [१६]’

म्हणजे घटकांच्या यादीच्या घोषित आकाराबाहेरचा क्रमांक (इंडेक्स, ० पासून मोजलेला) वापरला गेला; यू८, यू१६ व यू३२ हे ८, १६ व ३२ बिटांच्या बिनचिन्ह संख्यांचे प्रकार. प्रत्येक इशारा उपकरण सुरू झाल्यावर एकदाच दिसतो आणि मोजमापे वरकरणी बरोबर येतात. पुरवठादाराचे उत्तर असे की ड्रायव्हर वर्षानुवर्षे चालत आला आहे, नवा कंपायलर अतिसंशयी आहे, तेव्हा यूबीसॅन बंद करावे. मला ते पटत नाही, पण त्याचे खंडन करण्याइतका माझा या विषयाचा अभ्यासही नाही. या इशाऱ्यांचा नेमका अर्थ काय लावावा आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बाइटगणित

कर्नलवाचक, बंद करू नका. आपल्याला आलेले दोन्ही इशारे एकाच कारणाने प्रथमच दिसू लागले आहेत, परंतु त्यांच्यामागचे दोष मात्र अगदी वेगळे आहेत.

आधी ते आत्ताच का दिसू लागले ते सांगतो. सी भाषेत स्ट्रक्चरच्या (अनेक सदस्य एकत्र ठेवणाऱ्या रचनेच्या) शेवटी असलेला अ‍ॅरे ‘लवचीक’ मानण्याची जुनी प्रथा आहे: घोषणा एका घटकाची करायची, मेमरी मात्र हवी तेवढी घ्यायची आणि पुढे खुशाल दहावा-विसावा घटक वापरायचा. सी९९ मानकाने रिकाम्या चौकटी कंसाची अधिकृत पद्धत दिली, तरी जुना कोड मोडू नये म्हणून कंपायलर शेवटच्या कोणत्याही अ‍ॅरेकडे, तो एका घटकाचा असो वा सोळा घटकांचा, काणाडोळा करीत असे. २०२३ मध्ये कर्नल ६.५ पासून ‘एफ-स्ट्रिक्ट-फ्लेक्स-अ‍ॅरेज’ हा पर्याय तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कडक, पातळीवर संपूर्ण कर्नलसाठी लागू झाला. जीसीसी १३ व क्लँग (दुसरा एक कंपायलर) १६ पासून तो उपलब्ध आहे. आता केवळ रिकाम्या कंसाचा अ‍ॅरे लवचीक मानला जातो. ज्याच्या कंसात आकडा आहे, त्याचा आकार तो आकडाच. आपला सोळा घटकांचा तक्ता स्ट्रक्चरमध्ये सर्वांत शेवटी आहे का ते पाहा. माझा अंदाज आहे की तसाच असेल, आणि म्हणूनच ५.१५ वर त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

आता इशाऱ्याच्या स्वरूपाविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांचा गैरसमज फार होतो. एक म्हणजे यूबीसॅन कोडमधील प्रत्येक जागेबद्दल एकदाच बोलते. त्या जागेवर ‘कळवले’ अशी खूण होते आणि नंतर तीच चूक लाख वेळा झाली तरी लॉगमध्ये दुसरी ओळ येत नाही. म्हणून ‘एकदाच दिसतो’ यावरून ‘एकदाच घडले’ असे अनुमान काढता येत नाही. दुसरे म्हणजे, ट्रॅपचा पर्याय निवडलेला नसेल तर यूबीसॅन फक्त कळवते, अडवत नाही. इशारा छापून झाला की तीच मर्यादेबाहेरची मेमरी वाचली वा लिहिली जातेच. त्यामुळे यूबीसॅन बंद केल्याने उपकरणाच्या वागण्यात काहीही फरक पडणार नाही, फक्त आपल्याला ते कळणार नाही. पुरवठादाराचा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पहिल्या इशाऱ्यात बहुधा मेमरी पुरेशी घेतलेली आहे आणि घोषणा तेवढी चुकीची आहे. दुसऱ्यात मात्र खरोखर दुसऱ्याची मेमरी वाचली जात आहे, असे मला ठामपणे वाटते. सोळा घटकांच्या तक्त्यात कोणी २५५ हा इंडेक्स मुद्दाम वापरीत नाही.

कर्नलवाचक

धन्यवाद. तक्ता खरोखरच स्ट्रक्चरच्या शेवटी आहे. पहिल्या इशाऱ्याचे स्ट्रक्चर असे आहे: आधी यू३२ प्रकारची ‘लांबी’ आणि मग यू८ प्रकारचा ‘डेटा’, कंसात १. मेमरी घेताना ‘स्ट्रक्चरचा आकार अधिक लांबी वजा १’ असे लिहिले आहे. मग कंसातील १ काढला की काम झाले, असे समजावे का?

बाइटगणित

नाही, आणि येथेच घाईने केलेल्या दुरुस्त्या मूळ दोषापेक्षा वाईट ठरतात. आपल्याच स्ट्रक्चरचे गणित करून पाहू. लांबीचे ४ बाइट आणि डेटाचा १ मिळून ५ होतात, परंतु यू३२ मुळे स्ट्रक्चर चारच्या पटीत बसवले जाते, म्हणून त्याचा आकार ८ भरतो. कंस रिकामा केला की तो ४ होतो. एक बाइट काढला, आकार मात्र चाराने घटला.

आता मेमरी घेण्याचे सूत्र पाहा. जुन्या घोषणेनुसार ८ अधिक लांबी वजा १, म्हणजे लांबीपेक्षा ७ जास्त मिळत होते; गरज होती ४ ची. तीन बाइट फुकट जात होते, पण धोका नव्हता. घोषणा बदलून सूत्र तसेच ठेवले तर लांबीपेक्षा ३ जास्त मिळतील आणि गरज मात्र ४ चीच राहील. म्हणजे इशारा नाहीसा होईल आणि त्याच्या जागी एका बाइटचे खरे अतिक्रमण तयार होईल, जे यूबीसॅनला दिसणारही नाही, कारण रिकाम्या कंसाच्या अ‍ॅरेचा आकार त्याला ठाऊक नसतो. ते पकडायला केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे कर्नलमधील साधन) लागेल.

म्हणून घोषणा बदलताना त्या स्ट्रक्चरचा ‘साइझऑफ’ (बाइटांतील आकार) जिथे जिथे वापरला आहे ती प्रत्येक जागा तपासावी आणि मेमरी घेण्यासाठी ‘स्ट्रक्ट_साइझ’ हा मॅक्रो वापरावा. तो कर्नल ४.१८ पासून आहे. लांबी अवाढव्य आली आणि गुणाकार-बेरीज ओसंडली तर तो कमाल आकडा देतो, त्यामुळे मेमरीची मागणी साफ फेटाळली जाते आणि छोटा तुकडा हाती पडण्याचा धोका राहत नाही. हेच स्ट्रक्चर जर आयओसीटीएलमार्फत (प्रोग्रामने ड्रायव्हरशी बोलण्याच्या मार्गाने) वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिले जात असेल, तर त्याचा आकार बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेव्हा युनियनमध्ये (एकाच जागेत पर्यायी सदस्य ठेवणाऱ्या रचनेत) जुना सदस्य तसाच ठेवून शेजारी ‘डिक्लेअर_फ्लेक्स_अ‍ॅरे’ने लवचीक सदस्य घालावा. (वापरकर्त्यापुढे जाणाऱ्या हेडरमध्ये त्याचे दोन अधोरेषांनी सुरू होणारे रूप वापरतात.)

मातीचाकोड

दुसऱ्या इशाऱ्यावर लिहितो, कारण माझे सारे काम अशाच कार्डांवर चालते. २५५ हा आकडा पाहताच माझे लक्ष ईप्रॉमकडे (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपकडे) गेले. यू८ मध्ये २५५ म्हणजे आठही बिटे १. कधीही न लिहिलेली ईप्रॉम वा पुसलेली फ्लॅश वाचली की हाच बाइट मिळतो. गेनच्या (संकेत किती पट वाढवायचा त्या आकड्यांच्या) तक्त्यातील कोणता घटक वापरायचा तो क्रमांक आपला ड्रायव्हर कार्डावरील कॅलिब्रेशनच्या नोंदीतून घेत असणार, आणि एखाद्या चॅनेलची नोंद कारखान्यात लिहायची राहून गेली असणार.

परिणाम काय होतो तेही पाहू. तक्ता सोळा घटकांचा, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एकूण ३२ बाइट. २५५ व्या घटकासाठी कर्नल तक्त्याच्या सुरुवातीपासून ५१० बाइट पुढे जाते आणि तेथे जे काही असेल ते दोन बाइट ‘गेन’ म्हणून उचलते. ते कोणा दुसऱ्याच्या मालकीचे असतात. मोजमाप ‘वरकरणी बरोबर’ दिसण्याचे एक कारण असेही असू शकते की त्या चॅनेलला सध्या सेन्सरच जोडलेला नाही.

कर्नलवाचक

आपला अंदाज अचूक निघाला. आठवा चॅनेल राखीव आहे, त्याला काहीही जोडलेले नाही आणि त्याच्या नोंदीतील सर्व बाइट २५५ आहेत. शिवाय ड्रायव्हर गेनची किंमत सिसएफएसमधील (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या जागेतील) फाइलमधून कोणालाही वाचू देतो. म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीचे दोन बाइट आम्ही बाहेर दाखवीत होतो.

सहकाऱ्याने सुचवले आहे की ‘अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक’ वापरावे. त्याने इंडेक्स मर्यादेतच राहतो आणि वेगळा ‘इफ’ लिहावा लागत नाही. हे योग्य आहे का?

स्थिरशाखा

हे योग्य नाही, आणि हा गैरसमज इतक्या ठिकाणी दिसतो की त्यावर सविस्तर लिहिले पाहिजे.

‘अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक’ हे स्पेक्टर या प्रोसेसरमधील सुरक्षादोषाच्या पहिल्या प्रकारावरील, म्हणजे सीव्हीई-२०१७-५७५३ वरील, उपाय म्हणून आले. जानेवारी २०१८ मध्ये तो दोष जाहीर झाला. त्याचे मर्म असे, की ‘इंडेक्स मर्यादेत आहे का’ ही तपासणी कोडमध्ये अगदी बरोबर लिहिलेली असली, तरी प्रोसेसर तिच्या निकालाची वाट न पाहता पुढचे काम अंदाजाने सुरू करतो. अंदाज चुकला तर ते काम रद्द होते, पण कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत) त्याच्या खुणा राहतात आणि त्यांवरून मेमरीतील मजकूर ताडता येतो. म्हणून तपासणीनंतर इंडेक्सवर असा मुखवटा चढवतात की तो मर्यादेत असेल तर तसाच राहतो आणि बाहेर असेल तर शून्य होतो. यात कोणतीही शाखा नसल्यामुळे प्रोसेसरला चुकीचा अंदाज करायला वाव मिळत नाही. एक्स८६ वर सिस्टिम कॉलचा क्रमांक तक्त्यात शोधण्यापूर्वी नेमके हेच केले जाते: आधी क्रमांक मर्यादेत आहे का हे पाहतात, मग मुखवटा.

‘मग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मूळ तपासणीच नसेल तर आपल्या ड्रायव्हरमध्ये २५५ चा शून्य होईल आणि आठव्या चॅनेलला पहिल्या गेनची किंमत लागेल. यूबीसॅन गप्प होईल, केसॅनही गप्प राहील, आणि उपकरण आत्मविश्वासाने चुकीचे आकडे देत राहील. यंत्राची कंपने मोजणाऱ्या उपकरणात हे मला कर्नल कोसळण्यापेक्षा घातक वाटते. इंडेक्स कमाल मर्यादेवर ओढून बसवणाऱ्या ‘क्लॅम्प’लाही हाच आक्षेप लागू आहे. मर्यादेबाहेरचा इंडेक्स आला म्हणजे त्याच्या उगमाशी काहीतरी बिघडले आहे, आणि ही माहिती गिळून टाकणारी दुरुस्ती मी मेंटेनर म्हणून स्वीकारणार नाही.

या मुखवट्याची गरज वापरकर्त्याच्या हातात असलेल्या इंडेक्सला असते. आपल्या ड्रायव्हरमध्ये आयओसीटीएलने चॅनेल क्रमांक घेतला जात असेल तर तेथे तो लावावा, पण तपासणीनंतर.

मातीचाकोड

सहमत. ईप्रॉममधून आलेली किंमत ड्रायव्हरच्या ‘प्रोब’मध्ये, कार्ड ओळखले जाते त्याच वेळी तपासावी. तो चॅनेल ‘कॅलिब्रेशन नाही’ म्हणून नोंदवावा, लॉगमध्ये एक स्पष्ट ओळ टाकावी आणि त्याचे वाचन मागितल्यास त्रुटी परत करावी. पूर्वनिश्चित गेन गुपचूप लावू नये. एकदा प्रोबमध्ये गाळणी बसली की पुढे दर वाचनाला तपासण्या पेरण्याचे कारण उरत नाही.

ट्रेसवाचक

उगमाशी तपासणी करावी हे तत्त्व मला मान्य आहे, पण ते नेहमी सोपे नसते. जेएफएस या फाइल सिस्टिममधील उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तिच्या मोकळ्या ब्लॉकांच्या नकाशात झाडाच्या आकाराचे दोन प्रकारचे अ‍ॅरे आहेत: एक ३४१ घटकांचा (२५६, ६४, १६, ४ आणि १ यांची बेरीज) आणि दुसरा १३६५ घटकांचा (त्यात १०२४ ची आणखी एक पातळी). दोन्हींवर काम करणारी फंक्शने एकच, म्हणून ती स्ट्रक्चरे एका युनियनमध्ये ठेवलेली. पानांचा विभाग झाडात कोठे सुरू होतो तो आकडा डिस्कवरून येतो. सिझबॉटने (कर्नलची आपोआप चाचणी घेणाऱ्या यंत्रणेने) मुद्दाम बिघडवलेल्या डिस्क-प्रतिमा माउंट केल्या, तेव्हा १३६५ घटकांच्या अ‍ॅरेसाठी इंडेक्स १९६६९४ असा इशारा आला.

येथे अडचण अशी की फंक्शनला आपल्या हातात कोणते झाड आहे हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे कोणत्या मर्यादेशी तुलना करायची हेही ठाऊक नव्हते. दुरुस्तीसाठी ‘हे नियंत्रण-झाड आहे का’ असा एक जादा पॅरामीटर सर्व कॉलमधून खाली न्यावा लागला आणि त्यावरून ३४१ की १३६५ हे ठरवावे लागले. सरसकट १३६५ शी तुलना केली असती तरी तो इशारा गेला असता, पण लहान झाडाचे अतिक्रमण तसेच चालू राहिले असते. म्हणून इशाऱ्यात छापलेला आकार हीच खरी मर्यादा आहे असे गृहीत धरू नये. युनियन असेल तेथे तर मुळीच नाही.

डिस्क, नेटवर्क वा यूएसबीवरून आलेल्या आकड्यांविषयी आणखी एक सूचना. अशा तपासणीत ‘वॉर्न_ऑन’ घालू नये. ‘हे कधीच घडू शकत नाही’ अशा अंतर्गत गृहीतकासाठी तो मॅक्रो आहे. बाहेरचा कोणीही जे घडवू शकतो त्यासाठी नाही. अनेक यंत्रणा ‘पॅनिक_ऑन_वॉर्न’ (असा इशारा येताच कर्नल थांबवणारी सेटिंग) लावून चालवल्या जातात आणि तेथे बिघडलेला एक पेन ड्राइव्ह संपूर्ण यंत्र पाडू शकेल.

कर्नलवाचक

स्थिरशाखा यांनी म्हटल्याप्रमाणे आयओसीटीएलमधून चॅनेल क्रमांक घेतला जातो. तेथे तपासणी आहे: क्रमांक ‘इंट’ प्रकारचा असून तो कमाल चॅनेल संख्येपेक्षा, म्हणजे ८ पेक्षा, मोठा असेल तर ‘ईइनव्हॅल’ (अवैध किंमत ही त्रुटी) परत केला जातो. तरीही स्मॅच (कोड न चालवता त्यातील दोष शोधणारे साधन) चालवल्यावर ‘बफर ओव्हरफ्लो, ८ <= ८’ असे येते. कंपायलरने मात्र बांधणीच्या वेळी काहीच सांगितले नाही, याचेही नवल वाटते.

बाइटगणित

स्मॅच बरोबर आहे. आठ चॅनेलांचे इंडेक्स ० ते ७, आणि आपली तपासणी ८ ला आत सोडते. ‘पेक्षा मोठा’ऐवजी ‘पेक्षा मोठा किंवा समान’ हवे. त्याच ओळीत दुसरेही छिद्र आहे: ‘इंट’ असल्यामुळे वजा १ ही ८ पेक्षा लहानच, म्हणून तीही आत जाते. प्रकार बिनचिन्ह करा, आणि ८ हा आकडा हाताने न लिहिता ‘अ‍ॅरे_साइझ’ मॅक्रोशी तुलना करा, म्हणजे उद्या चॅनेल वाढले तरी तपासणी मागे राहणार नाही. वापरकर्त्याच्या मेमरीतून क्रमांक एकदाच स्थानिक चलात आणावा आणि तपासणी व वापर दोन्ही त्याच चलावर करावेत. दुसऱ्यांदा वाचेपर्यंत तो बदललेला असू शकतो. कार्ड डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता) ज्या मेमरीत लिहिते, तेथेही हीच काळजी घ्यावी.

कंपायलर गप्प राहण्याला इतिहास आहे. ‘डब्ल्यू-अ‍ॅरे-बाउंड्स’ हा बांधणीच्या वेळचा इशारा जीसीसी १२ मध्ये फार खोटे बोलू लागला. एस३९० वर (आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर) कर्नल मेमरीच्या अगदी सुरुवातीचा ठरलेला पत्ता थेट वापरते, त्याला कंपायलर शून्य आकाराचा अ‍ॅरे समजू लागला. इतरत्रही निरुपद्रवी कोडवर इशारे येऊ लागले. शेवटी जून २०२२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो इशारा जीसीसी १२ साठी सर्व आर्किटेक्चरांवर बंद केला आणि २०२३ मध्ये जीसीसी १३ साठीही. त्यामुळे जीसीसीने स्वच्छ बांधणी झाली म्हणजे मर्यादा ठीक आहेत, असा अर्थ निघत नाही. शक्य असल्यास क्लँगने एकदा बांधून पाहा. तेथे तो इशारा चालू आहे. अर्थात वापरकर्त्याकडून येणारा क्रमांक बांधणीच्या वेळी कोणालाच ठाऊक नसतो, त्यासाठी स्मॅचसारखे साधन लागतेच.

स्थिरशाखा

पहिल्या स्ट्रक्चरबाबत एक भर घालतो. कंस रिकामा केल्यावर त्या सदस्याला ‘काउंटेड_बाय’ हे विशेषण लावून ‘याची घटकसंख्या लांबी या सदस्यात आहे’ असे कंपायलरला सांगता येते. मग लवचीक अ‍ॅरेचीही मर्यादा यूबीसॅनला कळते आणि बाइटगणित यांनी वर सांगितलेली उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. ६.६ च्या हेडरमध्ये हे विशेषण आहे. मात्र जीसीसीत ते १५ व्या आवृत्तीपासून प्रत्यक्ष काम करते, म्हणून आपल्या जीसीसी १३ वर ते सध्या निष्क्रिय राहील. तरीही आताच लावून ठेवावे.

लावताना क्रम सांभाळावा. मेमरी शून्य भरून मिळते, म्हणजे लांबीही शून्य असते. आधी डेटा भरून मग लांबी लिहिली तर यूबीसॅनच्या दृष्टीने शून्य घटकांच्या अ‍ॅरेत लेखन झाले. वायफायच्या मॅक८०२११ मधील स्कॅनच्या कोडमध्ये नेमके हेच झाले होते: चॅनेलांची यादी आधी भरली जात होती आणि त्यांची संख्या नंतर लिहिली जात होती, त्यामुळे मेमरी पुरेशी असूनही ‘इंडेक्स ० मर्यादेबाहेर’ असा इशारा आला. आपल्या ड्रायव्हरमध्ये लांबी कोठे लिहिली जाते?

कर्नलवाचक

लांबी सर्वांत शेवटी लिहिली जात होती. ती ओळ मेमरी मिळाल्याच्या लगेच खाली आणली. इतर बदल असे: मेमरीची मागणी ‘स्ट्रक्ट_साइझ’ने केली आणि ‘साइझऑफ’च्या सर्व जागा तपासल्या, त्यांतल्या एका ठिकाणी, कार्डाला पाठवायच्या पॅकेटची लांबी मोजताना, जुना ‘वजा १’ आढळला, तोही काढला. गेनचा क्रमांक प्रोबमध्ये तपासला जातो आणि आठवा चॅनेल वाचायला गेल्यास आता त्रुटी मिळते. आयओसीटीएलमध्ये बिनचिन्ह प्रकार, ‘मोठा किंवा समान’ आणि त्यानंतर मुखवटा आहे. केसॅन चालू करून चाचणी घेतली. दोन्ही इशारे गेले आहेत आणि नवे आलेले नाहीत.

एकच शंका उरली आहे. हे सर्व एका पॅचमध्ये (कोडमधील बदलांच्या एका संचात) पुरवठादाराला पाठवावे का?

स्थिरशाखा

तीन वेगळे पॅच करा. गेनच्या तक्त्याचा आणि आयओसीटीएलचा असे दोन पॅच खऱ्या दोषांचे आहेत, ते ५.१५ वर चालणाऱ्या जुन्या उपकरणांनाही तातडीने हवेत, कारण तेथे इशारा दिसत नसला तरी मेमरी वाचली जातेच आहे. लवचीक अ‍ॅरेचा बदल त्यांच्यात मिसळू नका, नाहीतर साइझऑफच्या सगळ्या फेरफारांसह तो जुन्या शाखेवर ओढावा लागेल. प्रत्येक पॅचच्या वर्णनात यूबीसॅनची मूळ ओळ कॉल ट्रेससह द्या आणि गेनच्या पॅचमध्ये २५५ हा आकडा कोरी ईप्रॉम वाचल्यामुळे येतो, हे स्पष्ट लिहा.